मोठ्या बाई

जिल्हा परिषदेच्या सभागृहात मुख्याध्यापकपदाच्या बढतीसाठी नावं पुकारणं चालू होतं. सुनेच्या हातात बढती नाकारल्याचा अर्ज बघून धुरपदाबाई कडाडल्या, "हे कुणी शिकवलं?"

"आत्या, भीमनगरातल्या बाईचं पाटलांच्या गावात कोण ऐकणार?"

"अगं, अठरा वर्षं माझ्यापुढं टिकलीस, तिथं गावाची काय बिशाद!"

तेवढ्यात सुनेचं नाव आलं, ती टेबलापाशी गेली. "नकारच ना, बाई? करा सही," कारकुनानं गृहीतच धरलं.

सुनेनं अर्ज फाडला आणि यादीतल्या सगळ्यात मोठ्या शाळेवर बोट ठेवलं. "ही द्या. नऊशे मुलांची."

धुरपदाबाईंनी मान वर करून सुनेकडं बघितलं. रोज आपल्या हाताखाली भाकऱ्या थापणारी ही पोर कधीपासून एवढी उंच होती?

सून परत आली, तशा त्या पदर सावरत खुर्चीवरून उठल्या.

"बसा, मोठ्या बाई."