जाणवतं वय

दत्तक केंद्रातल्या पडवळ साहेबांनी हेमांगीच्या मनगटावरचा यंत्राचा पट्टा सोडला आणि पडद्यावरचा आकडा तिला दाखवला. दाखल्यावर तिचं वय एकोणचाळीस होतं. यंत्राने तिचं जाणवतं वय, म्हणजे तिला आतून वाटणारं वय, चौऱ्याहत्तर काढलं होतं. चार वर्षांच्या ईश्वरीला ती आठ महिने दर रविवारी भेटत होती आणि आज तिला घरी न्यायची होती.

"आकडा साठीपुढे गेला की मूल देता येत नाही, ताई. अशा माणसांना पुढचं आयुष्यच दिसत नाही, असं तज्ज्ञ म्हणतात."

हेमांगीला अकरा वर्षं संधिवात होता. ती उसळली. "आज पहाटे चारला उठलेय मी. बोटं वळायला तीन तास लागतात आणि दहाला इथे सही करायची होती. पुढचं न दिसणारी बाई चारला उठते होय?"

साहेब ओशाळून हळूच म्हणाले, "चाचणी महिन्यातून एकदाच होते. पुढच्या महिन्यात दुखण्यावरची कडक गोळी खाऊन या. आकडा तिशीवर येतो. सगळे तेच करतात. ईश्वरी तोवर दुसऱ्या घरी जाईल, पण मुलं आहेत की आणखी."

"म्हणजे हे यंत्र नुसतं दुखणं मोजतं, आणि तुम्हाला ते ठाऊक आहे!"

तिने अर्ज उलटा केला, साहेबांचं बोलणं वाकड्यातिकड्या अक्षरांत जसंच्या तसं लिहिलं आणि कागद त्यांच्यापुढे आपटला.

"करा सही. वरच्या कचेरीत मी नेते."

"माझी नोकरी जाईल, ताई."

"माझी लेक जातेय!" हेमांगी ओरडली. बाहेर बाकावर बसलेली माणसं दारात येऊन उभी राहिली.

साहेबांनी पेन उचललं.