खुराड्याची कडी

काशीगावच्या रघूकाकांकडून केतननं कबुतरांची जोडी आणली आणि सिल्व्हर पार्कच्या गच्चीवर खुराड्यात ठेवली. दुसऱ्याच दिवशी त्यानं कडी काढली. जोडी उडाली ती थेट काकांच्या कौलांवर. मागोमाग लुना हाणत केतन हजर.

"अंडी घालेपर्यंत सोरायची न्हाय, सांगलेलं ना? तवर त्यांना ह्येच घर वाटतंय," काका म्हणाले. त्यांच्या मुलीनं, चांदणीनं, जोडी टोपलीत भरून दिली. पुढच्या खेपेलाही तेच झालं.

तिसऱ्यांदा मात्र केतननं काकांचं ऐकायचं ठरवलं. ऑफिसातून आला की गच्चीवर येरझाऱ्या घालायचा. कडीला हात लावायचा, मागे घ्यायचा. जेवण जाईना, झोप लागेना. शेवटी एका रविवारी राहवलं नाही. कडी काढली आणि जोडी दिसेनाशी व्हायच्या आत लुना सुरू केली.

"तुझ्यानं कबुतरं पालनं व्हायाचं न्हाय," म्हणत काका कपाळाला हात लावून आत गेले.

चांदणीनं टोपली पुढे केली, पण सोडली नाही.

"या वेळी एवढे दिवस का लावलेस?"