कडेची रांग

सेंद्रिय मालाचा शिक्का मिळाला तर धाकट्याच्या संत्र्यांना दीडपट भाव होता, शिवाय शहरातलं मोठं दुकान माल थेट बागेतून उचलणार होतं. अट एकच: तीन वर्षं रासायनिक औषधाचा थेंबही वापरायचा नाही. धाकट्याने वापरला होता, पण एकदाच. म्हणजे त्याच्या हिशेबाने जवळजवळ नाहीच.

दुसऱ्या वर्षी बांधालगतच्या चार झाडांवर मावा पडला. लसणाच्या अर्काला तो दाद देईना. दोघा भावांच्या सामाईक खोपटात, फळीमागे, जुन्या औषधाची बाटली होती. धाकट्याने ती पंपात रिकामी केली. फेस फार आला. जुनं औषध, यायचाच. आठ दिवसांत मावा साफ झाला. फवारणीच्या वहीत त्या तारखेला त्याने लिहिलं, 'काही नाही'. पुढे ते पान उघडलं की त्याचे कान गरम होत.

तिसऱ्या वर्षी तपासनीस बाई आल्या आणि नेमकी त्याच झाडांची पानं खुडून त्यांनी पिशवीत घातली.

"पलीकडे कोणाची बाग?"

"थोरल्या भावाची." धाकट्याने हिशेब केला: पानांत काही सापडलंच, तर कारण आधीच तयार असलेलं बरं. "तो फवारतो. वारा तिकडूनच येतो, बाई."

थोरला बांधावरच उभा होता. त्याने धाकट्याकडे बघितलं. जरा जास्तच वेळ बघितलं.

"खरं का हो?" बाईंनी विचारलं.

"फवारतो मी," थोरला म्हणाला.

"मग मधे मोकळा पट्टा हवा. तुमची कडेची रांग राहिली, तर यांना शिक्का नाही."

त्या रांगेत अकरा झाडं होती, ऐन भरातली. आठवड्यात थोरल्याने ती तोडली. वहिनीने धाकट्याशी बोलणं टाकलं. एकदाच म्हणाली, "भाऊजी, झाली ना तुमची फळं स्वच्छ?"

महिन्याने शिक्का आला. सोबत पानांचा अहवाल: कसलाही अंश नाही. धाकट्याने तो तीनदा वाचला. शेवटी अहवाल घेऊन तो बांधावर गेला. थोरला बुंधे खणून काढत होता.

"दादा, फवारलं मीच होतं. तुझ्याकडून काही आलं नव्हतं."

"माहीत आहे."

"मग बाईंसमोर हो का म्हणालास?"

"काय सांगणार होतो? पानं खरी आहेत, भाऊ खोटा आहे?"

"पानं तरी खरी कशी? अख्खी बाटली ओतली होती मी."

थोरल्याने कुदळ खाली टेकवली.

"तू शिक्क्यासाठी अर्ज केलास ना, त्याच दिवशी मी त्या बाटलीत साबणाचं पाणी भरून ठेवलं. मावा त्यानेही जातो. रिकामी दिसली असती, तर तू नवी आणली असतीस."