हरवलेल्या धानांची यादी

गावोगावच्या बियाण्यांची नोंद करणाऱ्या मयुरीनं लॅपटॉपवर दोन फायली उघडल्या. एकीत वयस्कर शेतकरी लटारूभाऊंनी आठवून सांगितलेले, आता कुठंच पेरले जात नाहीत असे धानाचे सदतीस वाण होते. दुसरीत आसपासच्या गावांनी यंदा पेरलेले. तिनं दोन्ही याद्या अकारविल्हे लावल्या आणि तंतोतंत जुळणाऱ्या ओळीच दाखव, अशी कमांड लिहिली. “एकबी जुळनार नाई,” शेजारी बसलेले लटारूभाऊ म्हणाले. “गेलेलं बी वापस येते का?” काळ्या पडद्यावर एकच ओळ उमटली. मयुरीनं ती वाचली, “गिरजीचा धान.” भाऊ पडद्याकडे झुकले. गिरजी त्यांची बायको, तिला जाऊन बारा वर्षं झाली होती. “हे तं आमच्या घरचं नाव होय. तिनं माहेराहून ओटीत आनला, म्हून मीच ठेवलं. दुसऱ्या कोनाले कसं मालूम?” मयुरीनं दुसऱ्या यादीचा कागद शोधला. मार्कंडा गावच्या ताराबाईंनी सांगितलं होतं, की बी पंधरा-वीस वर्षांपूर्वी जत्रेत एका अनोळखी बाईनं पदरातून दिलं आणि नावही तिनंच सांगितलं. “गिरजी जत्रेत पसाभर बी वाटून आली, म्हून मी दोन दिस तिच्यासंग बोललो नाई,” भाऊ म्हणाले. “मंग पुरात आमचं सारंच गेलं.” त्यांनी बोट त्या ओळीजवळ नेलं, पण टेकवलं नाही. “ताराबाईले फोन लावू का, भाऊ?” “लावजो. पन पहिले हे नाव हरवलेल्यातून काढ.”