डाव्या पायाचा अंगठा

"अंगठा वर राहिला," मा येई नदीच्या काठावरून म्हणाली.

गाणं म्हणायला उघडलेली तोंडं तशीच उघडी राहिली. कमरेएवढ्या पाण्यात एल्डर क्वान्सा मा सियाचं मनगट धरून उभा होता आणि मा सिया नाकातोंडातलं पाणी शिंकरत होती.

क्वान्सा घानाहून इथे, सिएरा लिओनमध्ये, मॉर्मन या ख्रिस्ती पंथाचा प्रचारक म्हणून आलेला. वय वीस. पण प्रचारकाला एल्डर म्हणायचं, म्हणजे वडीलधारा, जसं इथे थोरांना मा नि पा म्हणतात. या गोष्टीवर बाजारातल्या बायका पोट धरधरून हसायच्या. मागच्या पावसाळ्यात एका बाकावर मावणारी त्याची मंडळी आता शाळेच्या खोलीत मावेना, हे मात्र त्या हसत हसत कबूल करायच्या.

बाप्तिस्म्याचा नियम साधा आहे. केसापासून नखापर्यंत माणूस एकदम पाण्याखाली गेलं पाहिजे. तसूभर काही वर राहिलं, की पुन्हा बुडी. ते बघायला दोन साक्षीदार लागतात. आज एक होता मंडळीचा प्रमुख पा आया, आणि दुसरी मा येई.

मा येईला उभी करू नकोस, असं क्वान्साला सगळ्यांनी बजावलं होतं. ती सुकी मासळी विकायची, मा सिया तिच्या शेजारीच पामतेल. मा सियानं एकदा गिऱ्हाइकासमोर तिच्या मासळीला नाक मुरडलं, तेव्हापासून दोघींचा अबोला. इतकी वर्षं एकमेकींना खेटून बसायच्या, पण शब्द धाडायचा तो तिसऱ्याच्या तोंडून. चर्चमध्ये आल्यावर हा तिसरा बहुधा क्वान्साच असे. या निमित्तानं तरी दोघी बोलतील, अशी त्याची भाबडी आशा.

"मला तर काही दिसलं नाही," पा आया हळूच म्हणाला.

"तुम्ही डोळे मिटून आमेन म्हणत होतात," मा येई म्हणाली. "डावा अंगठा. बुचासारखा टुणकन वर आला. एल्डर, तिला सांग."

सांगायची गरज नव्हती, मा सियानं ऐकलं होतं. मा सिया लहानपणी हिऱ्याच्या खाणीच्या खड्ड्यात पडून बुडता बुडता वाचली होती. ती तांब्यानं अंघोळ करायची, पण नदीत घोट्याच्या वर कधी गेली नव्हती. आज ती अख्ख्या बाजाराला सांगून आली होती, आणि क्वान्साला तिनं पहाटेच बजावलं होतं: पोरा, एकदाच. दुसऱ्यांदा देव स्वतः न्यायला आला तरी मी उतरायची नाही.

"तिला सांग," मा सिया दात वाजवत म्हणाली, "बाकीची मी जाते स्वर्गात. अंगठा राहू दे बाजारात, तिच्या सडक्या मासळीवर लक्ष ठेवायला."

काठावर हशा पिकला. क्वान्साला हसू येईना. त्याची नजर सगळा वेळ मा सियाच्या चेहऱ्यावर होती, अंगठा त्यानं पाहिलाच नव्हता. पा आयाचा शब्द मानावा आणि गाणं सुरू करावं, असं त्याला फार वाटलं.

"मा येई, नक्की?"

"तिला सांग, मला तिचा छळ करायची हौस नाही. पण उद्या कुणी विचारलं, तर मी काय सांगू? मला आता खोटं बोलता येत नाही. तुम्हीच मला पाण्यात बुडवलंत आणि माझ्या धंद्याची वाट लावलीत."

मा सियानं क्वान्साच्या हातातून मनगट सोडवून घेतलं आणि ती काठाकडे वळली. पांढरा झगा तिच्याभोवती फुगून तरंगत होता. ती रागावली नव्हती, घाबरली होती. क्वान्साला ते स्पष्ट दिसलं. तिला ओढून आणणं त्याला जमलं नसतं. हवा तेवढा वेळ घ्या, एवढंच तो म्हणाला.

तेवढ्यात मा येईनं चपला काढल्या. डोक्याचा रुमाल सोडून पा आयाच्या हातात दिला आणि रविवारच्या निळ्या झग्यासकट ती सरळ पाण्यात शिरली. मा सियाच्या वाटेत येऊन उभी राहिली.

"एल्डर, तिला सांग," तिच्याकडे न बघता ती म्हणाली, "वरचं तू धर. पाय मी धरते. मी धरलेला मासा आजवर सुटला नाही."

साक्षीदारानं काठावरच थांबावं, असं काही क्वान्साला कुणी शिकवलं नव्हतं. त्यानं पा आयाकडे पाहिलं. पा आया हातातल्या रुमालाची घडी घालण्यात गुंतला होता.

मा सिया पुन्हा पाण्याकडे वळली. मग तिनं एका हातानं नाक दाबलं आणि दुसरा हात क्वान्साला दिला.

त्यानं उजवा हात वर केला, तिचं पूर्ण नाव घेतलं, प्रार्थना म्हटली आणि तिला मागे झुकवलं. मा येई गळ्यापर्यंत पाण्यात वाकली होती. नदी वरून मिटली. वर काहीच राहिलं नाही.

मा सिया उसळून वर आली, खोकली, डोळे पुसले.

"अगं ए येई! अंगठा धरलास की उपटलास?"

सवयीनं क्वान्सा मा येईकडे वळला. "मा सिया म्हणतायत, की..."

"ऐकलं मी. बहिरी नाही," मा येई म्हणाली. "सिया, दाखव बघू."

आणि कमरेएवढ्या पाण्यात तिच्या खांद्याला धरून मा सियानं डावा पाय चांगला वर काढला.