परवानगीशिवाय वामकुक्षी

जेवणं उरकून सगळे आले आणि विरंगुळा केंद्राच्या फरशीवर आडवे झाले. कोणी चटई आणली होती, कोणी विटलेली सोलापुरी चादर.

पत्र्याचं ते छप्पर पाडून तिथे गाड्या लावायची सोय होणार होती. त्याविरुद्ध बोलायला ज्येष्ठांनी रीतसर परवानगी मागितली, ती नाकारली गेली. घोषणा नकोत, फलक नकोत, ठिय्या तर अजिबात नको, असं पोलिसांनी बजावलं होतं. मग झोपायचं ठरलं. दुपारच्या झोपेला पुण्यात कोणी कधी परवानगी मागितली आहे? कल्पना दत्तप्रसादांची. खडकीच्या कारखान्यात नोकरीभर दारूगोळा केलेल्या माणसाने म्हातारपणी हे असलं हत्यार शोधून काढलं.

चैत्रातली वारज्याची दुपार होती. टेकडीवरून गरम वारा यायचा आणि पत्र्याखाली शिरला की तोही सुस्तावायचा. पंखा कुरकुरत फिरत होता. वाऱ्याबरोबर आत आलेली कडुनिंबाची बारीक फुलं झोपलेल्यांच्या अंगावर पडत होती आणि ती कोणी झटकत नव्हतं. दूर कुठेतरी एक होला घुमत होता.

इन्स्पेक्टर काळोखे आले ते मागे जेसीबी आणि महिला पोलिसांची गाडी घेऊनच.

"हे काय चाललंय?"

कोणीच हललं नाही. शेवटी दत्तप्रसादांनी एक डोळा उघडला.

"वामकुक्षी. आपण जरा हळू बोलाल का?"

"अहो, झोपेचं सोंग घेऊन आंदोलन करताय, हे मला कळत नाही होय?"

"कळलं ना? मग आमचं काम झालं," असं म्हणून त्यांनी तो डोळाही मिटला.

साहेबांचं खोटं नव्हतं. बहुतेकांचे श्वास फारच शिस्तीत चालले होते आणि एकदोघांचं घोरणं जरा जास्तच रंगलं होतं. खरी झोप लागली होती ती फक्त मदिनाबींना. भिंतीकडेच्या चटईवर, गालाखाली हात घेऊन, तोंड किंचित उघडं टाकून त्या गाढ झोपल्या होत्या.

"त्या आजींपासून सुरुवात कर," साहेबांनी ऋतुजाला सांगितलं.

ऋतुजा पोलिसात भरती होऊन फार दिवस झाले नव्हते. चटयांच्या कडेला येऊन ती थांबली. लोकांच्या अंथरुणावर बूट घालून पाय देणं तिला जमेना. तिने बूट काढले आणि मोज्यांवरच आत गेली. तिच्यामागून बाकीच्या पोरींनीही काढले.

"आजी, उठा. घरी जाऊन झोपा."

मदिनाबींनी डोळे उघडले. डोळ्यांत अजून झोपच होती.

"घरी कुठं झोपू, बेटा? एकच खोली. नातीची रात्रपाळी असते कंपनीत. आलिया दिवसा झोपते, मी बाहेर पायरीवर बसते. उन्हाचं बसवत नाही आता."

"पण आजी, आंदोलन करायला परवानगी नाहीये."

"मी कुठं आंदोलनाला आले? मी रोजच येते इथं झोपायला," मदिनाबी म्हणाल्या. "तुम्ही उठवायला आलात, म्हणून त्याचं आंदोलन झालं."

एवढं बोलून त्यांनी ऋतुजाचं मनगट धरलं आणि त्या पुन्हा झोपल्या. ऋतुजाला वाईट वाटलं. रागही आला, पण तो कोणावर काढायचा हे तिला कळेना. ती तशीच त्यांच्याशेजारी बसून राहिली. पंख्याचा वारा अंगावर यायचा, जायचा. क्षणभर तिला वाटलं, अख्खं वारजे झोपलंय. दुकानं, बंगले, रस्त्यावरची कुत्री, सगळं. जेसीबीवाल्याने स्टिअरिंगवर डोकं टेकलं होतं. आपणही इथे आडवं व्हावं, आणि उठू तेव्हा हे छप्पर असंच डोक्यावर असावं.

"उचला सगळ्यांना," साहेब म्हणाले.

पोरींनी उचललं. झोपलेलं मूल पाळण्यात ठेवताना धरतात, तसं अलगद. कोणी हातपाय झाडले नाहीत, कोणी डोळेही उघडले नाहीत. "डोकं सांभाळा," एवढं मात्र दत्तप्रसाद मिटल्या डोळ्यांनी बोलले. त्यांच्यामागून चटया आणि चादरीही गाडीत गेल्या. साहेब जेसीबीपाशी थांबले.

पोलीस ठाण्याच्या मागच्या खोलीत पंखा होता. ऋतुजाने त्याखाली चटया अंथरल्या. गाडीतून उतरताना मदिनाबी अर्धवट जाग्या झाल्या. आत आल्यावर त्यांनी खोलीभर नजर फिरवली.

"इथं झोपू देतात?"

"झोपा आजी," ऋतुजा म्हणाली.

त्या झोपल्या. त्यांच्याकडे बघता बघता बाकीच्यांनाही झोप लागली आणि आता त्यात सोंग नव्हतं. उन्हाने आणि वयाने त्यांना खरोखरच गाठलं होतं. दत्तप्रसादांची मान कलंडली. ठाणे अंमलदाराने वायरलेसचा आवाज कमी केला. मोबाइल चोरीला गेल्याची तक्रार घेऊन आलेला माणूस कोणी न सांगताच कुजबुजत बोलू लागला. ऋतुजा दारात उभी राहिली.

उन्हं उतरायला लागली तेव्हा काळोखे साहेब परतले. खांद्यांवर आणि टोपीवर पांढरी धूळ बसलेली होती. केंद्राचं काय झालं ते कोणी विचारलं नाही.

"अजून झोपलेत?" साहेब दारातूनच गरजले. "उठवा. नावं घ्या एकेकाची."

ऋतुजाने वळून त्यांच्याकडे पाहिलं आणि ओठांवर बोट ठेवलं.