मिसिंग

कोपऱ्यावरच्या गॅरेजवाल्या मिस्त्रींचा भुताखेतांवर विश्वास नव्हता. लोकल कार्बोरेटरवर तर त्याहून नव्हता. पण वहिनींच्या छोट्या मोटारसायकलला कंपनीचा मिळेना. गाडी त्यांच्या नवऱ्याची. तो गेला, गाडी राहिली, आणि उद्यापासून लेक तीच घेऊन कामावर जाणार होती.

"भर रस्त्यात बंद पडायला नको," वहिनी म्हणाल्या. "आणि मध्येच अडखळते ना, ते मिसिंग तेवढं काढा. अगदी ह्यांच्यासारखी खाकरते मेली."

मिस्त्रींनी नवा कार्बोरेटर बसवला, स्क्रू थोडा सोडला, थोडा आवळला. इंजिन लोण्यासारखं चालू लागलं.

मग खाकरलं.

जुना कार्बोरेटर फळीवर निपचित पडला होता, म्हणजे दोष त्याच्यावर ढकलायची सोय नव्हती.

मिस्त्रींनी किल्ली फिरवून काढून घेतली. इंजिन चालूच. पेट्रोलचा कॉक बंद केला, तरी चालूच. शेवटी प्लगची टोपी उपटून हातात धरली. इंजिन आपलं संथपणे चालत राहिलं, मधूनमधून खाकरत, निघता पाय निघत नसलेल्या माणसासारखं.

"लोकल माल, दुसरं काय!" मिस्त्री म्हणाले.

वहिनींनी पुढे होऊन सीटवर हात ठेवला.

"अहो, पोरगी जपून चालवेल. पुरे आता."

"मी काय करू, वहिनी? माझ्याकडून सगळं बंद केलंय."

"तुम्हाला नाही म्हणाले, मिस्त्री."

इंजिन एकदा खाकरलं, आणि थांबलं.